एक कापलेलं, एक सुटलेलं

माझी पानं मोजायला बसलात, मित्रांनो, तर एकशे नव्वद भरतील. कारखान्यातून निघाले तेव्हा ती एकशे ब्याण्णव होती. सोळा-सोळा पानांचे बारा गठ्ठे दोऱ्याने शिवून, पाठीला गोंद लावून, वर निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवून मला बाहेर पाठवलं होतं. आता मी जुनी झाले आहे, आणि जुन्या वहीची पानं गळायचीच, असं कुणी म्हणेल. पण माझी पानं गळली नाहीत. एक कापलं, आणि त्यापायी दुसरं सुटलं.

मला विकत घेतलं ते एका ताईने. ती कायद्याची विद्यार्थिनी होती आणि डॉक्टरेटसाठी संशोधन करत होती. विषय सांगायला सोपा आणि सोडवायला अवघड होता. जगातल्या देशांनी एकत्र बसून कागदावर सह्या केल्या होत्या की प्रत्येक मुलाला कुठल्या ना कुठल्या देशाने आपलं म्हटलंच पाहिजे. आणि देशाचा स्वतःचा कायदा म्हणत होता, आधी कागद दाखवा, मग आपलं म्हणू. या दोन वाक्यांच्या फटीत जी माणसं अडकली होती, त्यांना ताई भेटायला जायची. मी तिच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी असायचे.

माझं पहिलं पान तिने पट्टीने आखलं. एका रकान्यात नंबर, पुढे नाव, पत्ता, भेटीची तारीख, आणि शेवटी सही किंवा अंगठा. तेवीस माणसं त्या एका पानावर दाटीवाटीने राहिली. आतल्या पानांवर मात्र फक्त नंबर. म्हणजे वही कुणाच्या हाती पडली तरी आतलं बोलणं कुणाचं, ते कळू नये.

सात नंबर होती एक शिवणवाली. कपड्यांच्या कारखान्यात ती बाह्या जोडायची आणि कारखान्याच्याच माडीवर एका खोलीत राहायची. कारखानदार हजेरी मांडत नसे, खोलीवाला पावती देत नसे, आणि लेक जन्मली तीही त्याच खोलीत, शेजारणीच्या हातात. त्यामुळे ही मायलेक होती, पण कुठेच लिहिलेली नव्हती.

"ताई, नाव नीट लिहा हं माझं," शिवणवाली म्हणाली होती. "पुरं लिहा. आजवर कुणी लिहिलं नाही."

"इथे पुरंच लिहितेय. पण प्रबंधात तुमचा नंबर येईल. उगाच तुमच्यामागे चौकशी नको लागायला."

"नंबर काय, आमच्या मशीनलापण आहे," असं म्हणून ती हसली, आणि तिने जपून, जीभ दाताखाली धरून सही केली.

तिची लेक तेव्हा तीन वर्षांची होती. चिंध्यांच्या ढिगात बसायची आणि मुठीत कायम एखादं बटण. म्हणून सगळे तिला बटणच म्हणत. ताई लिहीत होती तर ही सारखी पेनाला झोंबत होती. शेवटी ताईने उघड्या पानावर तिचा पंजा ठेवला आणि बोटांच्या कडेने पेन फिरवलं. गुदगुल्या होऊन बटण इतकी हलली की करंगळीची रेघ वाकडीच आली. ताईने खाली तारीख घातली आणि लिहिलं, 'बटण, वय तीन.' ते माझं सोळावं पान.

पुढच्या भेटीला ताई गेली ती तान्ही लेक कडेवर घेऊन. बोलता बोलता माझ्यातून एक घडी घातलेला कागद खाली पडला. बाळाचा जन्मदाखला होता तो. ताईने खूण म्हणून माझ्यात घालून ठेवला होता, विसरूनही गेली होती. शिवणवालीने हात पदराला पुसले, कागद उचलला आणि दोन्ही बाजूंनी पाहिला.

"एवढासाच असतो?"

"एवढासाच."

"किती दिवस लागले?"

"तिसऱ्या दिवशी मिळाला," ताई म्हणाली, आणि तिने तो घाईघाईने पिशवीत कोंबला. त्या दिवशी तिने माझ्यात काहीच लिहिलं नाही.

सहा वर्षांनी प्रबंध पुरा झाला. आणि मग विद्यापीठाचा नियम आला. खरं तर नियम पहिल्यापासून होता, ताईने त्यावर सहीही केली होती. प्रबंध देताना माणसांच्या नावांची यादी नष्ट करायची आणि तसं लिहून द्यायचं. नियम वाईट नव्हता, मित्रांनो. यादी भलत्याच्या हाती लागली असती तर तेवीस घरांवर संकट आलं असतं. त्या माणसांच्या काळजीपोटीच तो केला होता. फक्त त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

ताई तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली. "सर, पानाच्या पट्ट्या कापून ज्याची त्याला देऊ का? त्यांच्याजवळ दुसरं काहीच नाही हो."

"आणि ती पट्टी घेऊन कुणी पकडलं गेलं तर? जबाबदारी कुणाची?" सर म्हणाले. "शुक्रवारी प्रबंध जमा करायची खिडकी बंद होते. सहा वर्षांचं काम पाण्यात घालायचं आहे का?"

"निदान एकदा विचारून येते त्यांना."

"या की. पण शुक्रवारच्या आत."

ताई जाणार होती. पण बुधवारी लेकीला ताप भरला. गुरुवारी तो उतरला नाही. शुक्रवारी दुपारी, लेकीचा डोळा लागल्यावर, ताईने मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडलं, पट्टी धरली आणि पात्याने माझं पहिलं पान कापलं. पट्टी सरळ धरली होती तिने, पण पान कापून झाल्यावरही ती उचलली नाही, कितीतरी वेळ. मग पानाचे तुकडे करून बादलीत भिजवले. पाणी निळं झालं.

आता शिवलेल्या वहीचं एक गुपित सांगते. प्रत्येक गठ्ठ्यात पहिलं आणि शेवटचं पान म्हणजे मधे दुमडलेला एकच कागद असतो. पहिलं कापलं की सोळावं आधाराविना राहतं. ते आठवडाभर लोंबकळलं, आणि मग सुटलं. ताईने ते तसंच आत सारून ठेवलं.

प्रबंधाच्या पाच प्रती निघाल्या, काळ्या बांधणीच्या, वर सोनेरी अक्षरं. बाहेरगावच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत शेवटच्या परिशिष्टाचं खास कौतुक केलं. त्यात ताईने लिहून दिलं होतं, की नावं कायमची नष्ट केली आहेत. 'असा काटेकोरपणा दुर्मीळ आहे,' असं ते म्हणाले. सरांनी मला मागून घेतलं आणि विभागातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. दर वर्षी नवी तुकडी आली की ते मला उघडून पहिल्या पानाचा उरलेला बुडखा दाखवत. "संशोधकाची सचोटी बघा. केसाइतकीही रेघ वाकडी नाही." मुलं माना डोलवत. मीही, खोटं कशाला सांगू, थोडी फुगत असे.

त्यानंतर चार वर्षांनी शिवणवाली कॉलेजात आली. ताई आता तिथेच शिकवत होती. बटण आईपेक्षा उंच झाली होती. धाकट्या शाळेने तिला कागदाशिवाय सातवीपर्यंत शिकवलं, पण वरची शाळा दाखल्याशिवाय दारात उभं करत नव्हती. नवा नियम निघाला होता. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आतला, आईच्या नावाचा, तारीख घातलेला कुठलाही भरवशाचा कागद आणा, नोंद करून देऊ.

"मला एकदम तुमची वही आठवली," शिवणवाली म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता. "सहीपण आहे ना माझी."

ताईने सरांकडून मला मागून आणलं. सर म्हणाले, "जपून हं, पुढच्या महिन्यात तुकडी येतेय."

नोंदणी अधिकाऱ्याच्या टेबलावर ताईने प्रतिज्ञापत्र ठेवलं, की हीच बाई सात नंबर. शेजारी प्रबंध ठेवला. माणूस वाईट नव्हता. चहावर बशी झाकून त्याने शेवटचं परिशिष्ट मोठ्याने वाचलं. "'यापुढे कोणाचीही ओळख पटवणे शक्य नाही.' सही तुमचीच ना, मॅडम?"

"हो."

"आणि आता तुम्हीच ओळख पटवताय. मी यातलं खोटं कुठलं धरू?"

मग ताईने मला उघडलं. सोळावं पान घसरून टेबलावर आलं. अधिकाऱ्याने ते चिमटीत धरलं. "हे सुटं आहे. सुटं पान कुठल्याही वहीत घालता येतं. आणि बटण हे काय नाव झालं?"

"घरात तेच म्हणतात हिला," शिवणवाली म्हणाली.

"घरात म्हणत असाल हो, बाई."

ते पान माझं होतं, मित्रांनो. माझ्या बुडख्याशी जुळवून पाहिलं असतं तर कळलं असतं. पण ते जुळवायला त्याला कुणी सांगितलं नाही, आणि वहीची साक्ष कोण काढतं?

अर्ज फेटाळला गेला. जिन्यात शिवणवाली थांबली. तिचा आवाज जराही चढला नव्हता.

"ताई, मी म्हटलं होतं ना, नाव पुरं लिहा."

"लिहिलं होतं हो."

"मग?"

बटणने तेवढ्यात पायरीवर बसून त्या पानावर आपला हात ठेवला. बोटं रेघांच्या कितीतरी बाहेर गेली. "करंगळी वाकडी आहे," ती म्हणाली. "हे मी घेऊ?"

ताईने मान हलवली. आता ते पान बटणजवळ आहे. शाळेत ती जात नाही. खाली कारखान्यात आईशेजारी बसते, असं ताई एकदा सरांना सांगत होती. सर म्हणाले, पुढच्या लेखासाठी चांगलं उदाहरण आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माणसांविषयी लिहाल. तेव्हा माझी एक विनवणी लक्षात ठेवा. कुणाचं नाव झाकायच्या आधी त्याच्या दारी एकदा जा आणि विचारा, तुम्हाला लपायचं आहे की सापडायचं आहे. घरी कुणी तापाने फणफणलं असलं, खिडकी बंद होत असली, तरी जा. नसेल जमत, तर मागून तुमची पाठ थोपटली जाईल तेव्हा निदान मान खाली घाला.

मी पुन्हा काचेच्या कपाटात आहे. परवा नवी तुकडी आली. सरांनी बुडखा दाखवला, मुलांनी माना डोलवल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीने मला हातात घेतलं, पानं चाळली आणि विचारलं, "सर, इथलं अजून एक पान नाहीये. ते कुठे गेलं?"

सरांनी चष्म्यातून जरा वाकून पाहिलं. "ते होय? गळलं असेल," ते म्हणाले. "जुनी वही आहे."