पाचव्या झाडापर्यंतची चढण

थोरलीचं काम ऐकण्याचं होतं. सकाळी नऊच्या ठोक्याला ती कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरायची, खिडकी घट्ट लावायची, हेडफोन चढवायची आणि संध्याकाळपर्यंत एका डोंगराचे आवाज ऐकत बसायची. कुठला पक्षी, किती वाजता, किती वेळा, सगळं तक्त्यात भरायचं. त्या जुन्या, रानाने गच्च भरलेल्या डोंगररांगेत पायथ्याच्या ओढ्यापासून माथ्यापर्यंत पाच झाडांवर पाच रेकॉर्डर बांधलेले होते. दर महिन्याला त्यांची कार्डं टपालाने यायची.

"दिवसभर नुसती किरकिर नि टिवटिव," शेजारच्या टेबलावरची नकाशेवाली म्हणायची. "डोकं उठत नाही का गं तुझं?"

"घरची माणसं बोलताना कुणाचं डोकं उठतं?"

ती थट्टा नव्हती. थोरली त्याच डोंगरावर, वनचौकीच्या दोन खोल्यांत वाढली होती. आई लवकर गेली. बाबा वनरक्षक होते. नोकरी संपल्यावरही त्यांनी चौकी सोडली नाही, आणि रेकॉर्डरची कार्डं बदलायचं काम मागून घेतलं. थोरली शिकायला शहरात आली ती इथलीच झाली. गेल्या अकरा वर्षांत डोंगरावर जाणं झालं ते चार वेळा, तेही घाईघाईत.

फोनवर बाबा म्हणजे "बरं आहे. तुझं? ठेवू?" एवढेच. खरी भेट व्हायची ती कार्डावर. प्रत्येक कार्डाच्या शेवटी ते बदलायला आलेल्या बाबांची पावलं असत, पाचोळ्याची चुरचुर, खाकरणं, डबीचं झाकण. पुढच्या कार्डाच्या सुरुवातीला ते यंत्राला म्हणत, "चल, लाग कामाला." हे अर्धं मिनिट नोंदीत धरायचं नसे. थोरली ते दोनदा ऐकायची आणि मगच पुढे सरकायची.

बाबांच्या आवडीचा एक पक्षी होता, उशिऱ्या. नाव त्यांनीच ठेवलेलं. पहाटेचा सगळा गोंगाट ओसरला की हा सावकाश एक लांब शीळ घालायचा, जणू आत्ताच अंथरुणातून उठलाय. म्हाताऱ्या झाडांच्या फांद्यांवरच्या ओल्या शेवाळात त्याचं घरटं. थोरलीच्या लहानपणी तो चौकीच्या दारातही ऐकू यायचा. तक्त्यात मात्र तो दरवर्षी वर सरकत होता. दुसऱ्या झाडावरून गेला, मग तिसऱ्यावरून. यंदा चौथंही गप्प झालं.

आणि त्याच वर्षी थोरलीच्या दुसरंही काही ध्यानात आलं. पाचव्या झाडापाशी आधी बाबांचा श्वास पोचत होता, मग बाबा.

नुकत्याच आलेल्या कार्डाच्या शेवटी चार पावलं वाजली आणि थांबली. पुन्हा तीन. मग पाठ बुंध्याला घासल्याचा आवाज. "जरा थांब रे," बाबा यंत्राला म्हणाले. "बसू दे." थोरली घड्याळ बघत राहिली. अकरा मिनिटं बाबा धापा टाकत होते. अचानक अगदी जवळ उशिऱ्याची शीळ झाली, आणि बाबा हलकेच म्हणाले, "तूही वर आलास होय?"

तिने हेडफोन काढले आणि ती उठून रजा मागायला थेट साहेबबाईंच्या खोलीत गेली.

"महिनाअखेरचा तक्ता देऊन जा," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, आजच निघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौकीवर पोचली तेव्हा बाबा पायरीवर बसून पिशवीचा तुटलेला पट्टा शिवत होते.

"तू? बरी आहेस ना?" त्यांनी घाबरून विचारलं.

"मला काय धाड भरलीय! दम तुम्हाला लागतोय."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच सांगता, दर महिन्याला."

बाबांना उलगडायला क्षणभर लागला. मग ते कानकोंडे होऊन हसले. "ते यंत्र माझंही ऐकतं होय? चहाडखोर मेलं."

सकाळी दोघं मिळून चढली. बाबा सावकाश चालत होते आणि ते लपवायला दर वळणावर काहीतरी दाखवत होते. एक आडवा पडलेला प्रचंड ओंडका होता. त्याच्या पाठीवर बोटभर रोपांची रांग उगवली होती. "हा पडला तेव्हा तू पाळण्यात होतीस. अजून पोरं सांभाळतोय," बाबा म्हणाले. तिसऱ्या झाडाच्या वर त्यांनी फांदीवरचं शेवाळ तिच्या हातात दिलं. "पूर्वी हे पिळलं की कोपरापर्यंत पाणी ओघळायचं. आता ढग इथे टेकतच नाही, वरच्या वर निघून जातो." थोरलीने मूठ मिटली. शेवाळाचा चुरा होऊन तो पिठासारखा बोटांतून गळला.

चौथ्या झाडापाशी बाबा बसले ते उठेनात. ओठ निळसर झाले होते.

"डॉक्टरांकडे गेला होतात?"

"दोन महिने झाले. चढू नका म्हणाले."

"आणि तरी चढत होतात?"

"मग काय करू?" बाबा एकदम चिडले. "तुला इकडचं कळवणारं दुसरं कोण आहे?"

तिने त्यांच्या खांद्यावरून पिशवी उतरवून घेतली आणि एकटी वर गेली.

पाचवं झाड माथ्याच्या पन्नास पावलं खाली होतं. त्याच्या वर झाडं खुजी, वेडीवाकडी, आणि मग ती संपलीच. पुढे खडक, गवत आणि आभाळ. तक्त्यात या जागेची उंची तिने शेकडो वेळा लिहिली होती, पण इथून पुढे चढायला डोंगरच उरत नाही, हे तिला आज उभं राहिल्यावर समजलं. कार्ड बदलून ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने शीळ आली.

"होता का?" खाली येताच बाबांनी विचारलं.

"होता. दोनदा बोलला."

"दुसऱ्या कुणी साद दिली?"

"नाही, बाबा."

उतरताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायथ्यापर्यंत काढला नाही.

आठ दिवस ती राहिली. "माझ्याकडे चला" म्हणून रोज भांडली. बाबांनी शेवटी कार्डांचं काम चौकीवरच्या नव्या वनरक्षकावर सोपवलं, त्याला पाचही झाडांपाशी नेण्याऐवजी ती खालूनच बोटाने दाखवली, आणि पानगळ सरल्यावर एक पिशवी घेऊन शहरात आले.

पहिल्याच सकाळी थोरली उठली तर बाबा गॅलरीत उभे. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, अंगात स्वेटर, पायांत बूट.

"झोप लागली नाही का?"

"लागली की. छान लागली." ते समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्यांकडे बघत होते. "पण उजाडलं हे इथे कुणी सांगतच नाही गं."

थोरलीने आतून एक खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली. ते बसले नाहीत. मग तीही कठड्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि कचेरीची वेळ होईपर्यंत दोघं तशीच कान देऊन उभी होती.