अंगठीतली भेग

दागिन्यांच्या त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आधी खुर्च्या भरल्या, मग भिंतीकडेची जागा भरली, आणि उशिरा आलेली माणसे जिन्यात उभी राहून माना उंच करू लागली. समोर मोठा पडदा, पडद्याखाली टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि त्याच्याशेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत रत्नगुरू. लोक त्यांना याच नावाने ओळखत. आईबापांनी ठेवलेले नाव विचारायचे कुणाला सुचले नव्हते.

एकेक जण अंगठी पुढे करायचा, गुरू ती भिंगाखाली सरकवायचे आणि पडद्यावर दारापेक्षा मोठा हिरा उमटायचा. त्यात कुठे काळा ठिपका, कुठे ढगाळ डाग, कुठे पिसासारखी पांढरी भेग. एवढी मोठी भेग बघून धडधाकट माणूसही आपल्या बोटाकडे बघायचा. "हे तुम्ही बोटात घालून फिरता," गुरू हलक्या आवाजात म्हणायचे. "दगडात भेग, तर घरात भेग. दगडात डाग, तर देहात डाग." यमक जुळले की लोकांना अर्थही जुळल्यासारखा वाटतो. खुर्च्यांतून उसासे ऐकू यायचे.

तिसऱ्या रांगेत धाकटी धुमसत बसली होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, थोरल्या बहिणीहून, ताईहून, लहान म्हणून. हिऱ्यांची प्रतवारी ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. दिवसभर चिमट्यात हिरा धरायचा आणि त्यातले डाग, भेगा टिपायच्या, हे तिचे काम. जमिनीच्या पोटात तयार झालेल्या दगडात काही ना काही असतेच. म्हणून तर हिऱ्याची स्वच्छता ठरवताना तो दहापट मोठा करून बघायचा, असा नियम आहे. दहापटीत दिसलेला डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर घालणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, फक्त किंमत थोडी उतरते. हा गृहस्थ शंभरपट मोठे करून दाखवत होता. शंभरपटीत गुरूंच्या स्वतःच्या नाकाचे काय झाले असते, असे तिच्या मनात आले, पण हसू काही फुटले नाही, कारण आता ताईची पाळी होती.

ताईच्या अंगठीतली भेग गेल्या खेपेला सगळ्यांनी याच पडद्यावर पाहिली होती. मग अंगठी दोष घालवणाऱ्या शुद्धीपेटीत गेली, पेटी आतल्या खोलीत गेली आणि आठवडाभराने आज बाहेर आली. पडद्यावर हिरा उमटला. भेगेचा मागमूसही नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ताई तोंडावर पदर धरून रडू लागली.

धाकटीला वाटले, दगड बदलला. ती उठली, अंगठी हातात घेतली आणि पर्समधले भिंग डोळ्याला लावले. हिऱ्याच्या कडेशी एक बारीक ठिपका आहे, हे तिने पूर्वीच पाहिले होते. तो जागच्या जागी होता. दगड तोच होता. मग तिने अंगठी जराशी कलती केली, आणि जिथे भेग होती तिथे जांभळी झाक चमकून गेली. आणखी कलती केली तर हिरवी. आतल्या खोलीत काय झाले असेल ते तिला कळून चुकले.

"तेज दिसलं ना?" गुरू हसून म्हणाले. "भाग्यवंतांनाच दिसतं." आणि ताईला बिलगून उभ्या असलेल्या तिच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले. "आता हिला गोळ्या कशाला? स्वच्छ पाण्यात कुणी माती टाकतं का?"

ताईने मान डोलावली.

मुलगी अकरा वर्षांची, लाडाने तिला सगळे चिऊ म्हणत. तिला फिट यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू होत्या म्हणून दोन वर्षे एकही आली नव्हती. पण ताईच्या सासूबाई येताजाता म्हणायच्या, "आमच्या घराण्यात असलं कुणाला नव्हतं हो." एवढे बोलून त्या आपल्या कामाला लागायच्या. ताईच्या मनात मात्र ते वाक्य दिवसभर सलत राहायचे.

त्या संध्याकाळी दोघी बहिणींचे कडाक्याचे भांडण झाले. या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट उलटून येतात, हे डॉक्टरांनी शंभरदा बजावल्याचे धाकटीने सांगितले. भेग गेलेली नाही, नुसती लपवली आहे, हेही सांगितले. ताई ऐकेना. "तू दिवसभर दोषच शोधत बसतेस," ती म्हणाली. "काही चांगलं झालेलं तुला बघवतच नाही." धाकटी चिडून निघून गेली, आणि गोळ्यांचे पाकीट तसेच भरलेले फळीवर राहिले.

आठवडाही उलटला नाही तोच चिऊ शाळेच्या जिन्यात फिट येऊन कोसळली. हनुवटीला टाके पडले. गोळ्या नियमित चालू आहेत का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ताईने हो म्हणून सांगितले. गुरूंना फोन लावला, तर त्यांचे उत्तर तयारच होते. दोष जाताजाता शेवटचा धक्का देतो, आणि शिवाय घरात कुणीतरी शंका घेणारे आहे. बरे वाटले तर गुरूंची कृपा, बिघडले तर तुमची शंका. असा धंदा कधी बुडत नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी सकाळीच ताईच्या स्वयंपाकघरात हजर झाली. वाटेभर तिने रागाने बोलायची वाक्ये जुळवली होती, पण चिऊच्या हनुवटीवरची पट्टी बघून ती सगळी विसरली. तिला नुसती भीती वाटली. ओट्यावर एक तडा गेलेला काचेचा पेला होता. तो तिने चिऊच्या हातात दिला आणि तेलाची बाटली पुढे सरकवली.

"तड्यावर बोटाने तेल चोळ. जरा दाबून. आता उजेडात धर."

चिऊने पेला खिडकीकडे धरला. ठळक दिसणारा पांढरा तडा पुसट होत होत बराचसा दिसेनासा झाला. "गेला," ती म्हणाली.

"गेला नाही गं, आहे तिथेच आहे. तड्यात हवा होती. उजेड तिथे अडखळायचा, म्हणून तडा चकाकायचा. आता आत तेल शिरलं. तेलातून उजेड जवळजवळ काचेतून जातो तसाच जातो, मग आपल्याला फरक दिसत नाही." धाकटी चिऊशी बोलत होती, पण दारात उभ्या असलेल्या ताईला ऐकू जाईल अशा आवाजात. "हिऱ्यातली भेग अशीच लपवतात. तेलाऐवजी एक खास काच वितळवून भरतात. मंत्र लागत नाही, भट्टी लागते. ती जांभळी-हिरवी झाक त्या काचेचीच. असे हिरे बाजारात विकायलाही असतात. गिऱ्हाइकाला तसं सांगून स्वस्तात विकावेत, एवढंच."

ताई म्हणाली, "तुला हवं ते तू सिद्ध करशील." पण ती दारातून हलली नाही.

चिऊ पेला फिरवून फिरवून बघत होती. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारले, "पण आई, मला फिट आली तेव्हा तर हिरा स्वच्छ होता ना?"

ताई खुर्चीवर बसली. ती धाकटीकडे न बघता म्हणाली, "दोष हिऱ्यात निघाला तेव्हा मला किती हलकं वाटलं, तुला नाही कळणार. हिऱ्यात असेल, तर मग माझ्यात नाही."

धाकटीला रडू आवरेना. इतके दिवस ती बहिणीला मूर्ख समजत होती. "तुझ्यात नाहीच," ती म्हणाली. "आजार आहे तो, कुणाची चूक नाही. आणि त्याला औषध आहे."

ताईने उठून डॉक्टरांना फोन लावला आणि खोटे बोलल्याचे कबूल केले. त्यांनी सांगितली तशी गोळी चिऊला दिली. मग ती स्वतःच म्हणाली, "चल, ती काच बाहेर काढून दाखव."

दागिने दुरुस्त करणारा एक कारागीर धाकटीच्या ओळखीचा होता. हिरा खराब होऊ शकतो, असे त्याने आधीच बजावले. ताई म्हणाली, होऊ दे. कारागिराने ज्योत पेटवली आणि ताईने ती आपल्या हाताने अंगठीवर धरली. अंगठी निवल्यावर तिने भिंगातून पाहिले. पिसासारखी भेग परत दिसत होती, आणि भेगेच्या तोंडाशी आतून बाहेर आलेल्या काचेचे बारीक थेंब चिकटले होते.

गुरूंच्या पुढच्या सभेत ताई रांग सोडून थेट टेबलापाशी गेली आणि अंगठी भिंगाखाली ठेवली. पडद्यावर भेग उमटली तशी कुजबुज सुरू झाली. गुरूंनी डोळे मिटले. "शंका," ते खिन्नपणे म्हणाले, "शंकेने दोष परत येतो."

"शंकेने नाही, ज्योतीने आला," ताई म्हणाली. "तुमच्या आतल्या खोलीत भेगेत काच भरतात. ती तापवली की बाहेर येते. मी माझ्या हाताने काढली. हा हिरा स्वच्छ दिसत होता तेव्हा माझी मुलगी जिन्यात पडली, कारण मी तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. या भेगेला माझी मुलगी कोण, हेही ठाऊक नाही."

कुणीतरी तिला खाली बसायला सांगितले. दुकानाच्या माणसाने घाईघाईने पडदा बंद केला. गुरू आतल्या खोलीकडे वळले. पुष्कळ लोक खुर्च्यांवर तसेच बसून राहिले, जणू पुढचा चमत्कार व्हायचाच होता. दोघी बहिणी जिन्यापर्यंत पोचल्या तेव्हा एका म्हातारीने ताईचा हात घट्ट धरला. तिच्या बोटात चकचकीत, स्वच्छ हिरा होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "माझ्या ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या मी महिनाभर दिल्या नाहीत. त्यांना ते माहीतही नाही. आता काय करू?"

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या," ताई म्हणाली. "आणि खरं ते सांगा." म्हातारी जमेल तितक्या घाईने जिना उतरू लागली.

त्या मजल्यावर अशा किती अंगठ्या होत्या आणि घरोघरी किती पाकिटे फळीवर पडून होती, याचा हिशोब कुणाकडे नाही. म्हणून वाचकहो, एवढेच मागणे आहे. हिरा घ्याल तेव्हा भिंग मागा, आत काय आहे ते विचारा, भेग भरलेली आहे का तेही विचारा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. आणि कुणी दगड दाखवून औषध बंद करायला सांगितले, तर तो कितीही गोड बोलत असो, तिथून उठा आणि घरी जाऊन आधी औषध द्या.