आपोआप न बदललेला कागद

मी लेम्युएल गेन्सचा पिकअप ट्रक बोलतोय. गप्प उभं राहणं माझ्या स्वभावात नाही, आणि सध्या तर मुळीच नाही. किल्ली फिरवून बंद केलं तरी माझं इंजिन थोडा वेळ धडधडत राहतं. मेकॅनिक त्याला बिघाड म्हणतो, मी काळजी म्हणतो.

जन्म माझा केंटकीतल्या कारखान्यात. पहिला मालक भुईमुगाचा ठेकेदार होता. त्यानं पाठीवर इतकं ओझं लादलं की माझे पाटे वाकले, आणि मग मलाच म्हातारा ठरवून विकायला काढलं. माणसांची ही रीतच आहे. लेम्युएलनं, म्हणजे लेमनं, मला घेतलं, घासूनपुसून लख्ख केलं, बायकोला, वर्डेलला, शेजारी बसवलं आणि सगळा दक्षिण जॉर्जिया फिरवून आणला.

लेम सोन्यासारखा माणूस, पण त्याच्या एका वागण्याचा मला उलगडा होत नव्हता. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानासमोर, दाराला लागून, एक जागा माजी सैनिकांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेली आहे. लेम व्हिएतनामला लढून आलेला, गुडघ्यात अजून लोखंडाचा तुकडा घेऊन चालणारा. तरी मला पार टोकाला, कचऱ्याच्या पेटीशेजारी लावायचा आणि लंगडत दुकानात जायचा. ती जागा रिकामीच असायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

चर्चमध्येही तेच, हे वर्डेलच्या बोलण्यातून कळलं. नोव्हेंबरात माजी सैनिकांचा दिवस येतो. त्याच्या आदल्या रविवारी पाद्री सांगतात की ज्यांनी लष्करात सेवा केली त्यांनी उभं राहावं. म्हातारे पुढचा बाक धरून उठतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि लेम आपला गाण्यांच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलेला. एका रविवारी घरी परतताना वर्डेलचा संयम सुटला.

"पुढच्या वर्षी तू उठला नाहीस ना, तर मी उभी राहीन, सांगून ठेवते. तुझ्या झोपेतल्या लढाया इतकी वर्षं मीच लढलेय."

"माझा कागद खराब आहे, वर्डेल," लेम म्हणाला, आणि मला रस्त्याच्या कडेला घेऊन थांबला.

कागद म्हणजे लष्करातून सुटताना मिळतो तो दाखला. त्यावर सन्मानानं सुटका असं लिहिलेलं असलं तर तुम्ही माजी सैनिक. नसलं तर लढाई करूनही तुम्ही कुणी नाही. युद्धावरून परतल्यावर लेमला कॅन्ससच्या छावणीत ठेवलं होतं. इकडे आई शेवटच्या घटका मोजत होती आणि रजा मिळेना. तेव्हा त्याच्याच तुकडीतला हॉयट स्ट्रिकलंड म्हणाला, चल, बस. आपल्या मोटारीत घालून त्यानं लेमला थेट जॉर्जियात आणलं. हॉयट गोरा, लेम काळा. वाटेतल्या कित्येक खानावळींना काळं गिऱ्हाईक खपत नसे, म्हणून खायला आणायला एकटा हॉयटच उतरायचा. आईला माती देऊन दोघं आपणहून छावणीत परतले, तर दोघांवरही पळपुट्याचा शिक्का बसला. सही घेणारा कारकून म्हणाला, काळजी करू नका, सहा महिन्यांत हा दाखला आपोआप सन्मानाचा होतो. त्या काळी छावण्याछावण्यांतून ही थाप चालायची आणि विशीतली पोरं ती मुकाट गिळायची. लेम पोस्टमनची वाट बघत राहिला. कागद काही बदलला नाही. मग त्याला लाज वाटू लागली, आणि पुढे लाज अंगवळणी पडली.

वर्डेल ऐकून घेऊन स्वस्थ बसणारी नव्हे. तिनं त्याला माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या टॉलिव्हरबाईंकडे नेलं. मी बाहेर उन्हात तापत उभा. दोघं परतली तेव्हा कळलं की असे दाखले पुन्हा तपासणाऱ्या लष्कराच्या मंडळाकडे अर्ज केला तर दाखला बदलून मिळू शकतो. पण छावणी कशासाठी सोडली हे सांगणारा, तेव्हा सोबत असलेला माणूस हवा, आणि त्यानं आपल्या दाखल्याची प्रत जोडायला हवी. असा माणूस जगात एकच होता.

हॉयट अलाबामात राहतो, लेमनं मला थेट तिकडे पिटाळलं. त्याच्या दारात खांबावर झेंडा, डोक्यावर माजी सैनिकाची टोपी. गावच्या मिरवणुकीत दरवर्षी पुढे हाच चालतो म्हणे. माझं मागचं फळकं पाडून दोघं त्यावर बसले, मधे उकडलेल्या शेंगा.

"लेम्या, मेला नाहीस होय अजून?"

"तुझी परवानगी घ्यायला आलोय," लेम म्हणाला, आणि मग खरं काम सांगितलं.

"देतो की लिहून, त्यात काय. दाखला पण आहे डब्यात. घरी आल्यापासून उघडलेला नाही. सहा महिन्यांत बदलतो म्हणालेला ना तो? बदललाच असणार."

लेमचा शेंगेचा हात तोंडाशी जाताजाता थांबला. हॉयटनं सरकारकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं, म्हणून त्याला कुणी काही सांगितलंही नव्हतं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता सुरू व्हावं आणि लेमला घेऊन पळून जावं. पण प्रत जोडायची तर डबा उघडणारच होता.

"हॉयट, तो आपोआप बदलत नाही रे."

हॉयटनं टोपी काढून मांडीवर ठेवली. 

"म्हणजे इतकी वर्षं मी खोटाच मिरवलो?"

"खोटा कसा? गेला होतास ना तू? माझ्या शेजारीच तर होतास."

"मग तू का नाही मिरवलास?"

लेम शेंगांची टरफलं गोळा करायला लागला. 

हॉयटनं लिहून दिलं. लेमनं हट्टानं त्यालाही अर्ज करायला लावला आणि दोघांचे कागद टॉलिव्हरबाईंनी एकदमच धाडले. आधी लेमचं उत्तर आलं: सन्मानानं सुटका. त्या दिवशी वर्डेलनं गावभर माझा भोंगा वाजवला. हॉयटचं मात्र अजून काही नाही. त्यानं झेंडा उतरवलाय, टोपी टाकलीय, यंदाच्या मिरवणुकीलाही नाही म्हणालाय. त्याची बायको फोनवर सांगते, हल्ली ते दारातसुद्धा येत नाहीत.

परवा नोव्हेंबरातला तो रविवार होता. वर्डेलनं लेमचा सूट कडक इस्त्री केला होता. टाळ्या मी बाहेरून ऐकल्या आणि खूश झालो. पण वर्डेल आत बसली ती माझं दार धाडकन आपटूनच.

"आता तर कागद आहे ना? मग?"

"हॉयट घरात बसलाय. त्याला मी बसवलंय," लेम म्हणाला. "तो उठेल तेव्हा मी उठेन."

 वर्डेल त्याच्या कोटाची कॉलर सारखी करत राहिली.

तर मंडळावरच्या साहेबांनो, माझी विनंती आहे. लेमचं काम तुम्ही केलंत, उपकार झाले. आता हॉयट स्ट्रिकलंडचा अर्ज तेवढा ढिगातून वर काढा. दोघंही म्हातारे आहेत, आणि मला थांबणं जमत नाही. निघून गेला, पळून गेला असं त्या कागदावर लिहिलंय ते खरंच आहे. पण तो एका माणसाला त्याच्या आईपर्यंत पोचवायला गेला होता, आणि तिनं डोळे मिटायच्या आत त्यानं पोचवलं.