मुठीतला पट्टा

नारीनहून निघताना ओरोझ अबांनी मेदेरला दोनदा बजावले होते. घाट चढून उतार लागला, तेव्हा तिसऱ्यांदा बजावले.

"आत शिरलास की मोकळ्या गळ्याने रड. मग फातिहाची प्रार्थना, मग दोन घास. कोणी काही विचारलंच तर नशिबात होतं म्हण आणि मान खाली घाल. बाकी तोंड उघडायचं नाही."

"आणि एजेंनीच विचारलं तर?"

"मास्तरांची बायको काय विचारणार? चाळिसाव्या दिवशी बायकांना चुलीपासून हलायला सवड असते का? सही झालीय, मेदेर. त्यांच्या पोरांनी आपल्या हातांनी लिहून दिलंय, आमची तक्रार नाही म्हणून. ती सही मिळवताना किती उंबरे झिजवले ते माझ्या गुडघ्यांना विचार. तू एक शब्द जास्त बोललास तर ती फाटेल आणि तू आत जाशील."

ओरोझ अबा मेदेरचे चुलते. गाडी तेच चालवत होते. मेदेर मागच्या सीटवर अंग चोरून बसला होता. तीन बरगड्या जुळत आल्या होत्या, पण अजून खोल श्वास घेववत नव्हता.

पोरांनी सही दिली ती एका कागदाच्या भरवशावर. पोलिसांच्या त्या कागदात लिहिले होते, 'प्रवाशाने स्वतःहून पट्टा लावला नव्हता.' इस्पितळातल्या खाटेवर पडल्यापडल्या मेदेरनेच ते सांगितले होते. वाक्य जवळजवळ खरे होते. खोटा होता तो 'स्वतःहून' एवढा एकच शब्द.

त्या दिवशी सात्कीन अगाई नारीनला मुलीकडे चार दिवस राहून कोचकोरला घरी परत निघाले होते. अगाई म्हणजे शाळेतले पदार्थविज्ञानाचे मास्तर. मेदेर त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. थांब्यावर त्यांना पाहताच मेदेरच्या भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेला माणूस न सांगता उठून मागे गेला. पुढची जागा वडीलधाऱ्यांची. अगाई 'कशाला, कशाला' करीत बसले, पुस्तकाची पिशवी मांडीवर घेतली, आणि त्यांचा हात खांद्यामागे गेला. पट्टा त्यांनी ओढून घेतला. मग दुसऱ्या हाताची बोटे सीटच्या कडेने काही तरी चाचपू लागली.

तिथे काही सापडणार नव्हते. सीटवर मेदेरच्या आईने केलेला लोकरीचा जाड नमदा होता, लाल-काळ्या शिंगांच्या नक्षीचा. उतारावर तो सरकतो म्हणून तिने तो सीटच्या खालून घट्ट शिवून टाकला होता. पट्टा अडकवायचे बक्कल त्याच्या पोटात कुठे तरी गेले होते. मेदेरच्या स्वतःच्या बाजूला बक्कलात बाजारात मिळणारे, पट्ट्याविना नुसते टोक खोचलेले होते, गाडीने पिप् पिप् करून डोके खाऊ नये म्हणून.

"मेदेर बाळा, याची दुसरी बाजू कुठं असते रे?"

मेदेर हसला. "अगाई, मी काय तुम्हाला गाढवावरून नेतोय? अकरा वर्षं हा घाट चालवतोय. माझ्यावर भरवसा नाही होय?"

मागे बाजारात कुरुत, म्हणजे दह्याच्या सुक्या गोळ्या, विकणारी काल्बू बसली होती. ती म्हणाली, "बांधून घ्या हो अगाई. याला तुम्ही दोनदा नापास केलंय. आज सूड उगवेल."

सगळे हसले. अगाईही हसले. त्यांचे कान लाल झाले. "भरवशाचं नाही रे," ते पुटपुटले, "तुझ्या एजेला शब्द दिलाय."

"एजे कुठं बघायला येताहेत?"

घाटमाथ्यावर पोलिसांची चौकी आली, तेव्हा मेदेरनेच सांगितले, "अगाई, पट्टा जरा छातीवरून धरा." चौकीपुरता पट्टा धरायचा आणि चौकी गेली की सोडायचा, हे त्या रस्त्यावर तान्ह्या मुलालाही कळते. चौकी मागे पडली, मेदेरने आपला पट्टा सोडला. अगाईंनी सोडला नाही.

"सोडा आता. चौकी गेली."

"असू दे. नाही तर बक्कल कुठं आहे तेवढं दाखव."

"नमद्याखाली आहे, अगाई. आता उतारावर कुठं शोधू?"

थोड्या वेळाने, घसा साफ करून, रस्त्याकडे बघत अगाईंनी तिसऱ्यांदा विचारले, "नमद्याची चार टाकी उसवली तर निघेल का रे ते?"

"आईने शिवलाय. तिला काय सांगू, अगाईंना माझी भीती वाटली म्हणून फाडला?"

अगाईंनी तोंड खिडकीकडे वळवले. म्हाताऱ्या माणसाला आपण दुखावले की काय असे मेदेरला वाटले. त्याने हात लांबवून अगाईंच्या सीटची कळ ओढली आणि पाठ पार मागे टाकून दिली. "निवांत झोपा. घर आलं की उठवतो." ही त्याची मान देण्याची रीत होती, आपल्या बापालाही तो असाच झोपवून नेत असे. अगाई आडवे झाले. पट्टा त्यांच्या अंगावरून सुटून दारालगत लोंबू लागला. पण त्याचे लोखंडी टोक त्यांनी मुठीत धरून ठेवले होते. मेदेरने ते पाहिले आणि त्याला थोडे हसूही आले.

सारी-बुलाक गावाच्या खाली वळणावर घोडे होते. उन्हाळी कुरणावरून खाली आणलेले, वीस-बावीस. दुपारचे लख्ख ऊन होते, दिसायला काही अडचण नव्हती, फक्त वळण होते. मेदेरने ब्रेक दाबला. गाडी तिरकी सरकत रस्त्याकडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर गेली.

शाळेत अगाई एक लाकडी गाडी आणायचे. तिच्यावर एक ठोकळा ठेवायचे आणि गाडी टेबलावरून ढकलायचे. ती अडवण्याचे काम एकदा मेदेरला मिळाले होते. त्याने तळहाताने गाडी थांबवली होती. ठोकळा थांबला नव्हता, तो पहिल्या बाकावर जाऊन पडला होता आणि वर्ग खूश झाला होता. वळणावर अगाई आडवे होते, म्हणून ते आधी खाली घसरले आणि मग पुढे गेले. मान मोडली ती तिथे. मेदेरला स्टिअरिंगने अडवले. काल्बूचा हात मोडला. बाकीचे रडत-ओरडत आपल्या पायांनी बाहेर आले.

"हेच वळण ना?" ओरोझ अबांनी विचारले.

"हेच."

अबांनी वेग कमी केला नाही.

कोचकोरच्या घरासमोर दोन मोठ्या कढया चढल्या होत्या. फाटकापासून मेदेर रडत आत गेला. रडे आणावे लागले नाही. पुरुषांनी त्याला छातीशी धरले. अगाईंचा थोरला मुलगा अस्कात यानेही धरले, बरगड्यांना लागणार नाही अशा बेताने. ते मेदेरला फार जड गेले. फातिहा झाली. अबांना बैठकीत वरची जागा मिळाली. मेदेर त्यांच्या शेजारी टेकणार, इतक्यात अस्कातची बायको दारात येऊन म्हणाली, "मेदेर भावजींना एजेंनी आत बोलावलंय."

अबांनी त्याच्या बाहीला धरले आणि सोडले.

बूरूल एजे आतल्या खोलीत रजयांच्या चळतीला टेकून बसल्या होत्या. काळा पोशाख, काळा रुमाल. सुनेला त्यांनी बाहेर पाठवले आणि स्वतःच चहा ओतला.

"बस. बरगड्या दुखतात का?"

"नाही, एजे."

"दुखत असतील. एकच विचारायचंय. कागदात लिहिलंय, त्यांनी पट्टा लावला नव्हता. काल्बू म्हणते, पट्टा मुठीत होता, बोटं सोडवायला दोन माणसं लागली. यातलं मी काय धरू?"

मेदेर पेल्याकडे बघत राहिला.

"तुझे अगाई कसे होते तुला ठाऊक आहे," एजे म्हणाल्या. "लोकांच्या घरी जेवणात मीठ नसलं तरी मागायचे नाहीत. अळणी गिळायचे आणि वर छान झालंय म्हणायचे. माझा भाऊ गाडीतच गेला. तेव्हापासून त्यांच्याकडून एवढी एकच गोष्ट वदवून घेतली होती, गाडीत बसलं की पट्टा. दर वेळी फाटकात वदवून घ्यायची. आणि तोच शब्द मोडला. चाळीस दिवस मी त्यांच्यावर चिडून आहे, मेदेर. बायका बसतात, शोक गातात, माझ्या तोंडून निघत नाही. गायला तोंड उघडलं की आत एवढंच येतं, माझं एवढंही ऐकलं नाहीत."

बाहेर अबा मोठ्याने काही तरी सांगत होते. घोड्यांच्या भावाबद्दल असावे. मेदेरला ती सही आठवली. घरच्या दोन पोरी आठवल्या. नशिबात होते, असे म्हणायचे आणि मान खाली घालायची. मान तर त्याने आधीच घातली होती.

"त्यांनी मागितला होता," तो म्हणाला.

"काय?"

"पट्टा लावायला मागितला होता. बक्कल नमद्याखाली होतं. मी काढून दिलं नाही."

"एकदाच मागितला?"

"तीनदा."

एजेंनी पेला खाली ठेवला. "तीनदा," त्या म्हणाल्या. "त्यांनी." मग, "तू काय म्हणालास?"

"एजे, ते राहू द्या."

"जसं म्हणालास तसं सांग."

मेदेरने सांगितले. गाढवाचे सांगितले, भरवशाचे सांगितले, एजे कुठे बघायला येताहेत तेही सांगितले. त्या बंद खोलीत ती थट्टा त्याला एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोलावी लागली. सीटची पाठ आपणच मागे टाकली, हे त्याने शेवटी सांगितले.

"गाढवाचं ऐकून ते हसले असतील."

"हसले."

"कान लाल झाले?"

"झाले."

एजेंनी पेला दूर सारला. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. मेदेर त्याची वाट पाहत होता.

"अस्कातला जाऊन हेच सांग," त्या अखेर म्हणाल्या. "गाढवाचंही सांग. काही वगळू नकोस. त्याचाही बाप होता. पुढं काय करायचं ते तो बघेल."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मेदेर उंबऱ्यावर पोचला तेव्हा मागे त्यांचा आवाज लागला. आधी नुसता सूर, मग त्यात सात्कीन अगाईंचे नाव. चुलीपाशी भांड्यांचे आवाज थांबले. चाळीस दिवसांत या घरात तो आवाज कोणी ऐकला नव्हता.

बैठकीत जेवणाआधीचे हात धुणे चालू होते. अस्कात किटली आणि तस्त घेऊन एकेका पाहुण्यापुढे वाकत होता. मेदेरचा चेहरा पाहताच अबा उठून उभे राहिले. "मेदेर, चल. घाटात अंधार होईल." बाहेर अजून दुपार होती.

अस्कात मेदेरपुढे आला. मेदेरने दोन्ही हात पुढे केले. कोमट पाणी पडू लागले.

"अस्कात," तो म्हणाला, "अगाईंनी पट्टा मागितला होता. तीनदा. मी दिला नाही."

अस्कातने वर पाहिले. किटली तशीच कलती राहिली. पाणी मेदेरच्या हातांवरून तस्तात पडत राहिले, हात केव्हाच धुऊन झाले तरी, आणि मेदेर पुढचे सांगत राहिला.