नखं नीट करून ये

लोरिस झानारिनीची नवी सीडी आली की माझ्या पोटात दुखतं. आम्ही दोघं बोलोन्याच्या एकाच संगीतशाळेत एकाच गुरूकडे गिटार शिकलो. हात माझा बरा होता, हे गुरूच म्हणायचे. मग लोरिसने तारा छेडायला वाढवलेली नखं कापली, गिटार सोडली आणि ल्यूट नावाचं ते भोपळ्यासारखं जुनं वाद्य धरलं. सगळे त्याला हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. आज त्याच्या सीड्या जपानात खपतात आणि मी दंतवैद्यांच्या मुलांना गिटार शिकवतो.

वसंतात त्याचा फोन आला.

"एर्मेस, दोन ल्यूटची सीडी करतोय. दुसरी तू वाजव. कव्हरवर दोघांची नावं."

मी हो म्हटलं. मत्सर आपल्या जागी, कव्हर आपल्या जागी. उन्हाळाभर मी ल्यूटवर बोटं झिजवली, शिकवण्यांसाठी नखं तशीच ठेवून. रेकॉर्डिंगच्या आठवड्यात तो जर्मनीहून फोनवर एवढंच म्हणाला, "आणि हो, नखं नीट करून ये."

ल्यूटवाल्याची नखं नीट म्हणजे मुळापासून कापलेली, हे शेंबडं पोरही सांगेल. वीस वर्षं गिटारसाठी जपलेली नखं मी स्वयंपाकघरात बसून कापली. बायको निवेस पीठ मळत होती. "रडतोस काय? बोटं तर नाही ना कापलीस?" म्हणाली.

डोंगरातल्या चर्चमध्ये माइक लावले होते. लोरिसने हात पुढे केला. त्याची नखं लांब होती, घासून चकचकीत केलेली.

"अरे, इथले जुने वादक नखांनीच वाजवायचे! किती मुलाखतींत बोललोय मी हे!" मग त्याने माझी बोटं पाहिली. "हे काय केलंस?"

"नीट केली," मी म्हटलं.

वाजवून पाहिलं. त्याचे सूर लखलखीत, माझे गोधडीखाली दबलेले. रेकॉर्डिंगवाला मान हलवत राहिला. तेलही गेलं, तूपही गेलं. आता हा मला हाकलणार, मी मनात म्हटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. जन्मभर शिव्या घालायला हक्काचं कारण मिळणार होतं.

लोरिसने ल्यूट पेटीत ठेवली. "चूक माझी. फोनवर नीट सांगायला हवं होतं. तुझी नखं वाढेपर्यंत थांबू. तुझ्याशिवाय ही सीडी नाही करायची मला."

रेकॉर्डिंगवाला चरफडला. लोरिसने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. नाव, पैसा, जपान, सगळं त्याच्याकडे, आणि वर माणूसही चांगला! मला काय उरलं मग?

"नको," मी म्हटलं. "दुसरा बघ."

"एर्मेस, वेडा आहेस का?"

मी बाहेर पडलो. तो गाडीपर्यंत मागे आला, खिडकीवर टकटक करत राहिला. मी काच खाली केली नाही.

घरी निवेसने जेवण वाढलं. "काय झालं रे? इतक्या लवकर?"

"हाकललं मला," मी म्हटलं.

"मेला हलकट!" ती म्हणाली, आणि मला भूक लागली.