घशात अडकलेला धवला

मित्रांनो, मी एक जुना कार-रेडिओ आहे आणि तब्बल आठ वर्षं माझ्या तोंडात एक घास अडकून होता. गिळता येईना, थुंकताही येईना! आता तोंड मोकळं झालंय, तर माझं ऐकून घ्या.

जन्म माझा कारखान्यातला, पण आयुष्य सुरू झालं ते जूचंद्र गावात. १९९१ साली शेतकरी प्रल्हादने पांढरी फियाट घेतली आणि मला तिच्या डॅशबोर्डात बसवलं. पुढून दोन नट, मागून पत्र्याची पट्टी. हलायची सोय नव्हती, पण तेव्हा त्याचं दुःखही नव्हतं. गावातल्या कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या आणि प्रत्येकीसाठी मी वाजलो. लोक म्हणत, "परल्हादचा रेडिओ म्हंजे खनखनीत!" मी आपला फुगून जायचो.

प्रल्हादची आत्या जिजा धवलारीण होती. धवले म्हणजे लग्नविधीची गाणी; ती म्हणत लग्न लावायचं, हा तिचा मान. १९९६ साली प्रल्हादच्या भावाच्या, शत्रुघ्नच्या लग्नात तिचे धवले एका कोऱ्या कॅसेटवर भरून घेतले होते. वरातीत ती कॅसेट माझ्यात लावली. गाडी दारात थांबली, खिडकीतून अक्षता पडल्या आणि माझ्या घशात काहीतरी टोचलं. गाणं तिथेच थांबलं. बटण दाबलं, आकडे घालून ओढलं, कॅसेट काही बाहेर येईना.

पुढच्याच वर्षी जिजाआत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसती घरघर उरली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! बायका कुजबुजू लागल्या, "रेडिओनं आत्येचा गला खाल्ला." आत्या गाडीत बसेनाशी झाली. मग नवरीमुलींनीही पाठ फिरवली आणि फियाट ताडपत्रीखाली गेली.

ते दिवस आठवले की अजून जीव गुदमरतो. काळोख, उंदरांची खुडबुड आणि तोंडात आत्याचा आवाज. मी चोर नाही, असं ओरडून सांगावंसं वाटे. पण तोंडच भरलेलं, सांगणार कसं?

२००४ साली प्रल्हादच्या मुलीचं, संपदाचं लग्न ठरलं. प्रल्हादने गाडी धुतली, सीडी प्लेयर आणला आणि मला काढायला बसला. स्क्रूड्रायव्हर थेट माझ्या तोंडात खुपसून म्हणाला, "तोरून काढतो याला!" माझं काय व्हायचं ते होवो, पण कॅसेटची फीत तुटली तर आत्याचे धवले कायमचे संपणार होते.

"बाबा, थांबा!" संपदा धावत आली. "आत जिजाआजीचा आवाज आहे. मला माझ्या लग्नात तोच हवाय."

तिने आधी बॅटरीची वायर सुटी केली. माझी बटणं ओढून काढली, नट फिरवले, मागची पट्टी सोडली. कुठली वायर कुठे, ते कागदावर लिहून ठेवलं. तेरा वर्षांनी मी त्या भोकातून बाहेर आलो. ओसरीवर आत्याच्या पुढ्यातच तिने माझं झाकण उघडलं, चिमट्याने आत चाचपलं आणि कॅसेट अखंड बाहेर आली. पाठोपाठ हळदीने माखलेले तांदळाचे दोन दाणे टपकले.

जिजाआत्याने ते तळहातावर घेतले. मग घरघरत्या आवाजात म्हणाली, "अरं, यो त माजाच तांदूल. शत्रुघ्नच्या लग्नान खिरकीतशी मीच टाकलं व्हतं. आनि बोल लावला या गरिबाला!"

मित्रांनो, तेव्हा मला रडू आलं. एखादं यंत्र अडलं, किंवा एखादं माणूस गप्प झालं, की लगेच त्याला नावं ठेवू नका. आधी त्याच्या घशात काय अडकलंय ते बघा. कदाचित ते आपणच टाकलेलं असेल.

सीडी प्लेयर खोक्यातच राहिला. संपदाने कागद बघून मला पुन्हा त्याच भोकात बसवलं. तेच नट, तीच पट्टी. लग्नाच्या दिवशी जिजाआत्या इतक्या वर्षांनी गाडीत, पुढच्या सीटवर बसली. माझ्यातून तिचाच धवला घुमू लागला आणि तिचे ओठ हलू लागले. गाडी दारात थांबली. बायकांनी अक्षतांच्या मुठी उचलल्या, तेव्हा आत्याने झटकन हात पुढे केला आणि माझं तोंड तळव्याने झाकून धरलं.