शनिवारचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना आवक शिक्का आहे. उभ्या आयुष्यात मी एकदाच खोटे बोललो, आणि तेही ठळक निळ्या शाईत. गोष्टीचा शेवट गोड झाला, म्हणून आज मोकळेपणाने सांगतो आहे. नाहीतर लाजेने या खणातून बाहेरच आलो नसतो.

माझी मूठ लाकडाची आहे आणि चौकट लोखंडाची. पोटात रबराचे तीन पट्टे आहेत, एक दिवसाचा, एक महिन्याचा आणि एक वर्षाचा. प्रत्येक पट्ट्याला बाजूला एक दातेरी चाक आहे. अंगठ्याने चाक सरकवले की तारीख बदलते. वर एकच शब्द कोरलेला आहे, ‘मिळाले’. कारखान्यात मला तपासणाऱ्या कारागिराने माझा पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला होता. ‘छान उठतो,’ असे तो म्हणाला. तेवढ्या कौतुकावर मी बरीच वर्षे काढली.

माझी नेमणूक झाली ती एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात, तळमजल्यावरच्या काचेच्या खिडकीशी. तिथल्या प्रयोगशाळांमध्ये काही महिने काम शिकायला दुसऱ्या देशांतून विद्यार्थी येतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात. पण वाटले आणि आले, असे चालत नाही. या मुलाची जबाबदारी आमची, असे स्पॉन्सरशिपचे पत्र आधी विद्यापीठाने द्यावे लागते. ते हाती असेल तरच व्हिसा मिळतो. ते पत्र देण्याआधी कार्यालय सगळे पारखून घेते. मूल आपल्या देशात अजून शिकत आहे ना, काम त्याच्या विषयातलेच आहे ना, विमा काढला आहे ना, कामाच्या आराखड्यावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची शाईची सही आहे ना. आणि हे सारे कागद काम सुरू होण्याच्या आठ आठवडे आधी पोचले पाहिजेत. ते वेळेत पोचले की नाही, हे ठरायचे माझ्या शब्दावर. त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची, हे कबूल करतो.

मला चालवायच्या त्या खिडकीवरच्या बाई. त्यांना सगळे आवकबाई म्हणत. बावीस वर्षांत आमचा एकही ठसा चुकला नव्हता. मध्ये माझा वर्षांचा पट्टा संपला. शेवटचे वर्ष आले आणि पुढे कोरे रबर. नवीन शिक्का मागवू, असे कोणीतरी म्हणाले. आवकबाईंनी मला पर्समध्ये घालून बाजारात नेले आणि नवा पट्टा बसवून आणला. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो तो कायमचा.

आवकबाईंची एक सवय होती. कार्यालय पाचला बंद व्हायचे, पण पावणेपाचनंतर चिटपाखरूही फिरकायचे नाही. म्हणून पावणेपाच वाजले की त्या नोंदवही कपाटात ठेवायच्या आणि माझे चाक एक दात पुढे सरकवून दुसऱ्या दिवसाची तारीख लावून ठेवायच्या. सकाळी आल्या आल्या काम सुरू. शुक्रवारीही त्या एकच दात सरकवायच्या आणि सोमवारी उरलेले दोन. अंगठ्याला वार कुठे कळतात? मला मात्र ती घाई कधीच रुचली नाही. चालू दिवस संपायच्या आत मला उद्याचा करून टाकायचे, हे काही बरे नव्हे. पण शिक्क्याला विचारतो कोण?

एका चौदा तारखेची गोष्ट. वार शुक्रवार. पाचला दहा मिनिटे कमी असताना खिडकीवर एक माणूस धापा टाकत आला. अंगावर बस ड्रायव्हरचा गणवेश, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद. कागद त्याच्या भाचीचे होते. ती दूर तिच्या देशात मातीचा अभ्यास करत होती आणि इथल्या माती शिकवणाऱ्या प्राध्यापिकेकडे तिला शिकायला यायचे होते. सगळे जमले होते, फक्त आराखड्यावरची सही झेरॉक्समधली होती आणि कार्यालयाला शाईची हवी होती. प्राध्यापिका तीन तासांवरच्या प्रयोगाच्या शेतात. म्हणून मामाने पाळी बदलून घेतली होती, दुसऱ्या ड्रायव्हरच्या बसमधून शेत गाठले होते आणि बांधावर उभे राहून सही घेतली होती. कागदाच्या कोपऱ्याला चिखलाचे बोट लागलेले होते.

चौदा ही शेवटची तारीख होती. भाचीचे शिक्षण त्या वर्षी संपत होते. पुढच्या वर्षी ती विद्यार्थिनी राहणार नव्हती, आणि जो विद्यार्थी नाही त्याला हे पत्र मिळत नाही. म्हणजे संधी ही एवढीच.

आवकबाईंनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली. माणूस धावत आलाय, म्हणून त्यांनी आधी त्याला पाणी दिले. मग मला उचलले. मित्रांनो, मी ओरडून सांगत होतो की मी उद्याचा झालोय, मला एक दात मागे घ्या. पण आमच्या जातीला तोंड असते ते फक्त कागदावर. त्यांनी मला शाईच्या गादीवर टेकवले आणि कागदावर दाबले. एक ठसा अर्जावर, एक मामाच्या पोचपावतीवर. ‘मिळाले’, तारीख पंधरा. मामाने पावती न वाचताच घडी घालून खिशात ठेवली. काम झाले म्हणून तो इतका खूश होता की जाताना बंद पंख्यालाही नमस्कार करून गेला असता.

सोमवारी आवकबाईंनी वहीत नोंद केली ती माझ्या ठशाकडे बघून. शिक्का चुकत नाही, हा त्यांचा विश्वास. कागद वर गेले ते साहेबांकडे. प्रत्येक गोष्टीला कलम काढतात म्हणून लोक त्यांना कलमसाहेब म्हणत. त्यांनी तारीख पाहिली आणि अर्ज उशिरा आला म्हणून नाकारला. भाचीला तसे कळवलेही.

मंगळवारी मामा पुन्हा खिडकीशी. या वेळी धावत नाही, पाय ओढत. भाची फोनवर रडली नव्हती, एवढेच त्याने सांगितले. ती नुसती गप्प बसली होती आणि त्याला तेच सोसवत नव्हते. त्याने पावती पुढे केली. आवकबाईंनी ती पाहिली आणि पंधराच्या आकड्यावर त्यांचे बोट थांबले. त्या मला हातात घेऊन, मामाला बरोबर घेऊन, थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. बावीस वर्षांचे नाव पणाला लावायला त्यांना जिन्याच्या पायऱ्या चढण्यापुरताच वेळ लागला.

“साहेब, चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “हे शुक्रवारीच आले होते. मी शिक्का आधीच पुढे सरकवून ठेवला होता.”

कलमसाहेबांनी वही मागवली. वहीतही पंधराच. ते वाईट माणूस नव्हते, पण पुराव्याशिवाय पाणीही पीत नसत. ते म्हणाले, “बाई, तुमचा शिक्का आजवर चुकलेला नाही. मुलीची दया आली म्हणून चूक अंगावर घेऊ नका.”

पाहिलेत? आमचा चांगुलपणाच आमच्या मुळावर आला. आवकबाई खरे बोलत होत्या आणि मी खोटे, तरी वजन माझ्याच शब्दाला. त्या क्षणी मला माझ्या ताठ मानेची मनापासून लाज वाटली.

मामा इतका वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. ड्रायव्हर माणूस, महिनाभराच्या पाळ्या त्याला तोंडपाठ. तो हळूच म्हणाला, “साहेब, पंधराला शनिवार होता. माझी त्या दिवशी सकाळची पाळी होती म्हणून लक्षात आहे. शनिवारी तुमची खिडकी उघडी असते का?”

साहेबांनी चष्मा लावला, कॅलेंडर पाहिले, मग मला उचलून माझे पट्टे पाहिले. शनिवारी त्या इमारतीत उंदरांखेरीज कोणी नसते. मग हे कागद घेतले कोणी आणि शिक्का मारला कोणी? म्हणजे आवकबाई म्हणत होत्या तसा हा शुक्रवारचाच ठसा, एक दात पुढे गेलेला. त्यांनी नियमांचे पुस्तक काढून चार पाने उलटली आणि मिटले.

“बंद खिडकीतून कागद आत येत नाहीत, असं कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “पण मला पटलं.” त्यांनी माझ्या ठशावर एक रेघ ओढली, शेजारी चौदा लिहिले आणि सही केली.

आयुष्यात माझ्यावर पहिल्यांदाच काट मारली गेली आणि सांगतो, इतके हलके मला कधी वाटले नव्हते. आवकबाई खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसून उगाच हसल्या. मामाने बाहेरच्या बाकावर बसून फोन लावला. त्याला बरेच काही सांगायचे असणार, पण तो एवढेच म्हणाला, “बॅग भर.”

दोन महिन्यांनी भाची आली. आल्याची नोंद करायला मामा तिला घेऊन खिडकीशी आला तेव्हा आवकबाईंनी मला तिच्या हातात दिले आणि सगळी हकीकत सांगितली. मी मान खाली घातली. तिने मला उलटसुलट करून पाहिले. माझ्या आकड्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांची शाई सुकून बसली होती. तिने पिशवीतून मातीचे नमुने साफ करायचा बारीक ब्रश काढला आणि माझी एकेक खाच मोकळी केली. मग तिच्याच कागदावर माझा ठसा उठला, कारखान्यात उठला होता तसा.

आता बहुतेक अर्ज संगणकावरून येतात. मी खणात असतो, दिवसाला चार-पाच कागद आले तर आले. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने घड्याळ, एखादे कुलूप असेल. त्याला पुसा, तेल द्या, चांगले चालते म्हणून डोळे झाकून सगळे त्याच्यावर सोडून देऊ नका. आणि दिवस संपायच्या आत त्याला उद्याचे करू नका. पाचला दहा कमी असतानाही कोणीतरी वाटेत असते.

आवकबाई आता माझे चाक सकाळीच फिरवतात, तेही आधी कॅलेंडरवर बोट ठेवून. संध्याकाळी पाच वाजतात, खिडकी बंद होते, दिवे विझतात. मी मात्र रात्रभर आजचाच असतो.